घरातलं जंगल : उड्या मारणाऱ्या कोळ्याचं घर



या वेळचा प्रश्न सुरंगीहून आलाय. सुरंगी म्हटलं की कोकणातल्या माणसाला आधी फुलांचे वळेसर आठवतात, पण ही आपली सिल्वासाची सुरंगी. तिथल्या आठवीतल्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय : "खिडकीच्या गजावर मला एक उड्या मारणारा कोळी सापडला. मी त्याला जॅमच्या बाटलीत ठेवलाय. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलीत. तो वळून वळून माझ्याकडे बघतो. मला तो पाळायचाय. आई म्हणते, बाहेर सोडून दे. त्याच्यासाठी चांगलं घर कसं करायचं?"

प्रश्न छान आहे. आईचं म्हणणंही चुकीचं नाही. दोघींचंही जमेल असा मार्ग निघतो, पण त्यासाठी हा प्राणी जगतो कसा ते आधी बघायला हवं. घर त्याच्या सवयींना जुळलं तर तो त्यात राहील, नाहीतर चार दिवसांत पाय आखडून मरेल.

हा पाहुणा कोण?

कोपऱ्यात जळमटं करणारा कोळी वेगळा आणि हा वेगळा. हा जाळं विणून वाट बघत बसत नाही. मांजरासारखा दबा धरतो, अंतर जोखतो आणि झेप घेतो. झेपेआधी रेशमाचा एक धागा पायाखालच्या जागेला चिकटवून ठेवतो. नेम चुकलाच तर त्या धाग्यावर लोंबकळत परत वर येतो. या कुळाचं शास्त्रीय नाव सॉल्टिसिडी. जगभरात त्याच्या ६००० हून जास्त जाती नोंदवल्या गेल्यात. कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं कुळ.

आपल्या घरांत तीन जाती बऱ्याचदा दिसतात. प्लेक्सिपस पेकुली हा त्यातला दणकट, सेंटिमीटरभर लांबीचा. नराच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात, मादी तपकिरी. मेनेमेरस बायव्हिटाटस राखाडी आणि चपटा, भिंतीच्या रंगात मिसळून जाणारा. हासारिअस अ‍ॅडान्सोनी त्याहून थोडा लहान, याचा नर काळसर. तिन्ही जाती जगातल्या अनेक उष्ण देशांत माणसांच्या घरांच्या आसऱ्याने राहतात. माश्या, डास, चिलटं खातात. माणसाला त्यांच्यापासून धोका नाही. बोटांत दाबून धरलं तर एखादा चावेल, पण ते साधारण मुंगी चावण्याइतकंच. म्हणून त्याला बोटांनी उचलायचं नाही. वरून पेला ठेवायचा आणि खालून पोस्टकार्ड सरकवायचं.

"तो माझ्याकडे बघतो" हे मात्र अगदी खरं आहे. याला आठ डोळे असतात. पुढचे दोन मोठे डोळे बारीक तपशील टिपतात, बाकीचे चहूबाजूंची हालचाल हेरतात. बाजूला काही हललं की तो अख्खं अंग वळवून मोठे डोळे तिकडे रोखतो. आपण हललो की आपल्याकडे वळतो. त्याचं सगळं जगणं या डोळ्यांवर चालतं, हे लक्षात ठेवा. डब्याचे निम्मे नियम त्यातूनच येतात.

जॅमची बाटली का नको?

पहिलं कारण झाकण. हा कोळी रात्री झोपायला आणि कात टाकायला रेशमाची छोटी पिशवी विणतो. ती तो नेहमी उंचावर, छताजवळ बांधतो. बाटलीचं छत म्हणजे तिचं झाकण. खाऊ टाकायला तुम्ही रोज झाकण उघडणार आणि रोज त्याची झोपायची खोली फाडणार. पुन्हा रेशीम विणायला त्याला पुन्हा शक्ती खर्चावी लागते.

दुसरं कारण हवा. भोकं फक्त वरच्या बाजूला असली की हवा आत शिरून दुसरीकडून बाहेर पडत नाही, तळाला ओल साठते. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. अशा बाटलीत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

तिसरं कारण ती भोकंच. खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या आतल्या बाजूला पत्र्याची धार राहते. शिवाय ती मोठी असतात. पिल्लू कोळी त्यातून सहज निसटतो.

डबा असा करा

फार खर्च नाही. शेव-चकलीची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. उंची रुंदीपेक्षा जास्त हवी. सेंटिमीटरभराच्या कोळ्याला १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच एवढी जागा पुरते. फार मोठ्या डब्यात त्याला चिलट सापडत नाही आणि आपल्याला तो सापडत नाही. अगदी लहान पिल्लाला तर चारेक सेंटिमीटरची डबी बरी.

आता बरणी उलटी करा. झाकण खाली, बूड वर. एवढ्या एका गोष्टीने अर्धा प्रश्न सुटतो. झाकण झालं जमीन आणि बूड झालं कायमचं छत. कोळी वर खोली बांधेल, तुम्ही खालून साफसफाई कराल, त्याची झोप मोडणार नाही.

हवेसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक झरोका पाडा. एक तळाजवळ, दुसरा छताजवळ. रुपयाच्या नाण्याएवढा पुरे. खालून थंड हवा येते, वरून दमट हवा जाते. कापायचं आणि तापवायचं काम घरातल्या मोठ्यांनी करायचं. झरोक्यांवर चहाच्या जुन्या गाळणीची बारीक स्टीलची जाळी चिकटवा. खाऊ सोडायला बाजूला पेन्सिल जाईल एवढं एक भोक ठेवा आणि ते कापसाच्या घट्ट बोळ्याने बंद करा. गोंद लावल्यावर डबा दोन दिवस उघडा ठेवायचा. नाक लावून बघा, गोंदाचा वास पूर्ण गेला की मगच कोळी आत. बरणी आधी गरम पाण्याने धुवायची, फिनेल किंवा वासाचा साबण वापरायचा नाही.

आतली मांडणी साधी ठेवा. झाकणाच्या आत टिश्यू पेपरचा तुकडा पसरा. तो मळला की बदलता येतो. माती नको, तिच्यातून मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. दोन-तीन वाळलेल्या काड्या तिरप्या लावा, एक तरी छतापर्यंत पोचू दे. बागेत कीटकनाशक फवारत असतील तर तिथल्या काड्या आणू नका. छताजवळ एक वाळलेलं पान किंवा कागदाची छोटी सुरळी चिकटवा. तिच्या आडोशाला तो हमखास पिशवी बांधतो. मधली जागा मोकळी सोडा. उडी मारायला अंगण लागतं.

एका डब्यात एकच कोळी ठेवायचा. दोघांना "सोबत" म्हणून ठेवलं तर सकाळी एकच उरतो.

डबा ठेवायचा कुठे?

उजेडात, पण उन्हात नाही. बंद प्लास्टिक उन्हात भट्टीसारखं तापतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर दहा मिनिटांतही जीव जाऊ शकतो. खिडकीपासून हात-दोन हात आतली, दिवसभर उजेड असलेली जागा निवडा.

उजेडाचं महत्त्व दाखवणारा एक सुंदर प्रयोग जपानमधल्या ओसाका सिटी विद्यापीठात झाला. २०१२ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात वापरलेला कोळी होता आपल्याही घरात दिसणारा हासारिअस अ‍ॅडान्सोनी. त्याच्या मोठ्या डोळ्यांच्या पडद्याला एकावर एक थर असतात. हिरव्या उजेडाची प्रतिमा एका थरावर स्पष्ट उमटते आणि दुसऱ्यावर धूसर. ती किती धूसर आहे यावरून तो अंतर ओळखतो. शास्त्रज्ञांनी हिरव्या उजेडात माशी ठेवली तेव्हा त्याचा नेम बरोबर लागला. फक्त लाल उजेडात ठेवली तेव्हा त्याची उडी कमी पडू लागली. तेव्हा डब्यावर शोभेचा लाल दिवा लावू नका. लावलात तर तो आंधळी कोशिंबीर खेळतच जेवेल. साधा दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला, पावसाळी अंधारून आलं तर पांढरी एलईडी ट्यूब चालते.

रात्री मात्र अंधार हवा. २०२२ साली जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या डॅनिएला रॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या पिल्लांना रात्रभर कॅमेऱ्यात टिपलं. पिल्लांची कातडी पारदर्शक असल्याने डोळ्यांच्या आतली हालचाल दिसत होती. झोपलेल्या पिल्लांचे डोळे ठरावीक वेळाने हलत होते, पाय थरथरत होते, आपण स्वप्न बघताना होतं तसे. कोळ्याला स्वप्नं पडतात असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण रात्री अकरा वाजता मोबाइलचा टॉर्च मारून "काय करतोय बघू" म्हणायचं नाही, एवढं नक्की ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी आपण घराघरांत डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल लावतो. मुंग्यांसाठी खडूच्या रेघा मारतो, झुरळांवर स्प्रे मारतो. यातली बरीच औषधं कीटकांच्या नसांवर काम करतात आणि कोळ्यालाही मारतात. ज्या खोलीत मशीन लागतं त्या खोलीत डबा ठेवायचा नाही. सगळ्याच खोल्यांत लागत असेल तर कोळी पाळायचाच नाही. डासांपासून माणसांची काळजी आधी. देवघराजवळ धूप-उदबत्तीच्या धुरात आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या खाटात डबा नको.

मुंग्यांसाठी औषध लागतच नाही. पूर्वी दुभत्याच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, आजीला विचारा. तीच युक्ती इथे करा. ताटात थोडं पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर डबा. मुंग्या पाणी ओलांडत नाहीत. कात टाकत असलेला कोळी मुंग्यांपुढे अगदी हतबल असतो, म्हणून हा खंदक पावसाळ्यात चुकवू नका.

पाणी आधी, मग खाणं

कोळ्याच्या पायांची एक गंमत आहे. पायाच्या काही मुख्य सांध्यांमध्ये पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय ताठ करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने हलतो तसाच. त्याची उडीही याच दाबावर निघते. मेलेला कोळी पाय आत गोळा करून पडतो, कारण दाब संपलेला असतो. त्यामुळे पाणी कमी पडलं की आधी त्याची उडी जाते, मग चाल. आखडलेल्या पायांनी अडखळत चालणारा कोळी बऱ्याचदा भुकेला नसतो, तहानलेला असतो.

पाण्याची वाटी आत ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीनदा डब्याच्या एकाच भिंतीवर स्वच्छ पाण्याचे दोन-चार बारीक थेंब फवारा. तो येऊन थेंबाला तोंड लावतो. भिंगातून बघा, बघण्यासारखं असतं. अत्तराची किंवा सॅनिटायझरची जुनी बाटली फवाऱ्याला घेऊ नका. थेंब काही तासांत वाळले पाहिजेत. वाळत नसतील तर हवा कमी पडतेय. मुसळधार पावसाच्या दिवसांत फवारणी आठवड्यातून एकदाही पुरते.

खाणं जिवंत लागतं, कारण जे हलतं तेच त्याला शिकार म्हणून कळतं. पिकलेल्या केळ्याची साल बाटलीत टाका आणि तोंडावर कागदाचं नरसाळं बसवा. दोन दिवसांत चिलटं जमतात. पिल्लाला दिवसाआड एक-दोन, मोठ्या कोळ्याला आठवड्यातून दोन-तीनदा तीन-चार चिलटं किंवा एखादी छोटी माशी. शिकार त्याच्या स्वतःच्या लांबीपेक्षा मोठी नको. मुंग्या टाकू नका. औषधाने झिंगलेली माशी तर मुळीच नको, तिच्यातलं विष त्याच्या पोटात जातं.

त्याचं मागचं पोट बघून भूक कळते. ते पुढच्या भागापेक्षा बारीक आणि सुरकुतलेलं दिसलं तर खायला द्या. वाटाण्यासारखं टम्म दिसलं तर थांबा. न खाल्लेली शिकार दुसऱ्या दिवशी काढून टाका.

खोलीचं दार बंद झालं तर

एखाद्या दिवशी तो पिशवीतून बाहेरच येणार नाही. पिशवी दाट, पांढरी होईल. घाबरू नका. लहान कोळी वाढताना कात टाकतात आणि त्यासाठी आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त काळ आत बसतात. या काळात शिकार आत सोडायची नाही. नवी कातडी मऊ असते, एखादी माशीसुद्धा तिला इजा करू शकते. भिंतीवर एखादा थेंब पाणी, बाकी शांतता. काडीने टोचून "जिवंत आहे का" बघणारे बरेच हात याच वेळी त्याचा जीव घेतात.

मादीचं पोट फारच फुगलेलं असेल तर ती अंडी घालायच्या बेतात असू शकते. तिला पकडूच नका. ती अंड्यांवर पहारा देत बसते. ते काम भिंतीवरच होऊ दे.

पाळायचा की पाहुणा ठेवायचा?

या कोळ्याचं आयुष्यच साधारण वर्षभराचं. खिडकीत सापडलेला मोठा कोळी त्यातलं बरंचसं जगून झालेला असतो. म्हणून माझं मत असं : घरात सापडलेल्याला दहा-पंधरा दिवस पाहुणा म्हणून ठेवा, नीट बघा आणि जिथे सापडला तिथेच सकाळच्या वेळी सोडा. सलग चार-पाच दिवस खाल्लं नाही आणि पिशवीतही गेला नाही, तर मुदतीची वाट न बघता सोडून द्या. मैत्रिणीचं बघणं होईल आणि आईचं सोडणंही. कात टाकायला बसला असेल तर मात्र बाहेर येईपर्यंत मुक्काम वाढवायचा.

जंगलातून कोळी आणायचा नाही. आपल्या दादरा नगर हवेलीत वन्यजीव अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय कोणताही जीव उचलणं कायद्याने गुन्हा आहे.

व्हिडिओत दिसणारे गुबगुबीत, केसाळ, हिरव्या चकाकत्या जबड्यांचे कोळी बहुधा फिडिपस रेजिअस जातीचे असतात. ते मूळचे अमेरिकेतले. परदेशातून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवानगी लागते. त्याहून मोठी अडचण अशी की तो कोळी तुम्हाला कधीच बाहेर सोडता येणार नाही. तो इथला नाही, इथे पसरला तर इथल्यांच्या जागेवर येईल. खिडकीतला कोळी सोडला की घरी जातो. परक्याला इथे घरच नाही.

छोट्या डब्यात हा प्राणी किती निभावून नेतो त्याचं एक टोकाचं उदाहरण सांगते. २०१२ साली इजिप्तमधल्या एका विद्यार्थ्याच्या कल्पनेवरून याच कुळातले दोन कोळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवले गेले. तिथे वजन नाही, म्हणजे उडी मारली की खाली येणं नाही. प्रश्न होता : हा शिकार करू शकेल का? तेव्हा स्थानकावर असलेल्या सुनीता विल्यम्स यांनी हा प्रयोग जगभरच्या मुलांना दाखवला. नेफर्टिटी नावाची कोळीण तिथे सुमारे १०० दिवस राहिली, तिने चिलटं पकडली आणि जिवंत परत आली. त्या डब्यातही हवा, उजेड, पाणी आणि चिलटं यांचीच सोय केलेली होती. तुमच्या उलट्या बरणीत यापेक्षा वेगळं काही नाही.

आणि एक नाव लक्षात ठेवा : आयसिअस तुकारामी. ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची ही जात २०२१ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात स्वतः गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवणारे मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे यांचं नाव तिला दिलं. इतक्या गजबजलेल्या भागात, माणसांच्या आसपास, कोणी न नोंदवलेली जात तोपर्यंत राहत होती. सिल्वासाच्या इमारतींत, सुरंगीच्या कारखान्यांच्या कुंपणांवर कोण कोण राहतं हे कोणी नीट बघितलंय?

म्हणून या महिन्याचा गृहपाठ. घरातल्या एका खिडकीवर सात दिवस लक्ष ठेवा. कोळी दिसला तर वेळ, जागा, रंग आणि तो काय करत होता हे वहीत लिहा. फोटो काढा, फ्लॅश न मारता. पकडला असेल तर डब्याचाही फोटो पाठवा, झाकण खाली आहे ना ते मी बघणार आहे. निवडक नोंदी पुढच्या अंकात छापू. आणि दिवाळीच्या साफसफाईत जळमटं काढताना झाडू मारण्याआधी एकदा बघून घ्या. कोपऱ्यातली ती छोटी पांढरी पिशवी कोणाची तरी झोपायची खोली असेल.